मावशीच्या नवऱ्याला सांभाळताना

माझ्या घरी आले त्याच दुपारी काकांनी स्टीलचं पातेलं माझ्या अंगावर फेकलं. त्यात त्यांच्यासाठी गाळलेलं वरणाचं पाणी होतं. पातेलं माझ्या खांद्याला लागून दारावर आपटलं आणि पिवळं पाणी भिंतीवरून ओघळत फरशीवर आलं. पाणी जरा गरम राहिलं होतं, कारण एवढंच. नाकातल्या नळीतून आत गेल्यावर छातीत पोळलं असावं. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी फेकलं, अशी मी मनाची समजूत घातली. पण बोलता येत होतं तेव्हाही ते फेकतच असत, हे मला ठाऊक होतं.

नातं तसं लांबचं. माझ्या आईच्या चुलतमामाची मुलगी, तिला मी मावशी म्हणते. तिचा हा नवरा. बिदरच्या पुढं एका गावात त्यांची शेती आणि खताचं दुकान. लग्नामुंजीत भेट व्हायची तेवढीच. त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी त्यांच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन हैदराबादेत झालं. डावा जबडा काढला, अर्धी जीभ काढली आणि छातीचं मांस वळवून गालाच्या जागी शिवलं. मार्चमध्ये रेडिएशन सुरू झालं. रोज जायचं, फक्त रविवारी सुट्टी. बापलेक दवाखान्याजवळच्या एका धर्मशाळेत राहत होते. हरभरा काढायला म्हणून मुलगा चार दिवसांसाठी गावी गेला आणि तिकडं तो असतानाच लॉकडाऊन लागला. दुसऱ्या सकाळी धर्मशाळेच्या लोकांनी सगळ्यांच्या पिशव्या फुटपाथवर आणून ठेवल्या.

मुलाचा मला फोन आला तेव्हा तो रडत होता. "ताई, बाबा रस्त्यावर बसलेत. मी बॉर्डरपर्यंत गेलो होतो, पोलिसांनी मारून परत पाठवलं." मग त्याच्या हातून फोन मावशीनं घेतला. 

"मावशी, मी आणते त्यांना," मी म्हटलं.

"नको आणू म्हणायला फोन घेतला होता बघ," ती म्हणाली. "पण ते तोंडातून निघंना. आण. दार मात्र आतून लावून झोपत जा."

तेव्हा हैदराबादेतल्या बरकतपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये मी एकटी होते. नवरा मुलीकडं पुण्याला गेला होता, तो तिकडंच अडकला. माझं वय बावन्न. काचीगुड्याच्या एका शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवत आले होते आणि या तीस वर्षांत एकाही मुलावर हात उचलला नव्हता. हे मी स्टाफरूममध्ये जरा जास्तच अभिमानानं सांगत असे.

स्कूटीवरून त्यांना आणायला निघाले तेव्हा वाटभर मला एक पंगत आठवत होती. मी दहा-अकरा वर्षांची असेन. भालकीला कुणाची तरी मुंज होती. मावशी मठ्ठा वाढत होती. काकांच्या पँटवर थोडा मठ्ठा सांडला. त्यांनी शेजारचा पितळी तांब्या उचलला आणि बसल्या जागेवरून तिच्या कानशिलावर हाणला. तिच्या कानातून रक्ताची बारीक धार निघून गळ्यापर्यंत आली. ती तशीच पुढच्या पानावर गेली. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "तुला वाढू का गं थोडा?" सगळी पंगत जेवत राहिली. मी आईकडं पाहिलं, तर आई खाली मान घालून भात कालवत होती. "जेव," ती म्हणाली.

तो माणूस आता फुटपाथवर पिशवीवर बसला होता, डोक्यावर टॉवेल घेऊन. चेहऱ्याची डावी बाजू आत गेलेली, नाकातून नळी आलेली, ती चिकटपट्टीनं कपाळाला लावलेली. मला ओळखल्यावर त्यांनी आधी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. मला उशीर झाला होता.

दर दोन-अडीच तासांनी नळीतून काहीतरी द्यावं लागे. मोठ्या सिरिंजनं ताक, रागीची पातळ पेज, दूध, वरणाचं पाणी. मॉर्फिनची गोळी कुटून पाण्यात कालवून द्यायची. सिरिंज जोरात दाबली गेली की ते माझ्या मनगटावर चापट मारत. हळू दाबली तर कंटाळून गुडघ्यानं ढकलत. दुसऱ्या आठवड्यापर्यंत माझ्या डाव्या मनगटावर निळे डाग पडले होते. मी त्यांना एक वही आणि पेन दिलं होतं. त्यात ते मोठ्या, तिरप्या अक्षरात हुकूम लिहीत. "पंखा." "गरम नको." "फोन लाव त्याला." बायकोला फोन लाव असं त्यांनी कधी लिहिलं नाही. रात्री मी दार आतून लावून झोपत असे.

एवढं असूनही त्या दवाखान्यात त्यांना पाहिलं की माझं मन विरघळायचं. टेबलावर आडवं करून त्यांच्या चेहऱ्यावर जाळीचा एक घट्ट साचा बसवत आणि तो साचा टेबलाला दोन्ही बाजूंनी अडकवून टाकत, म्हणजे डोकं तसूभर हलू नये. पहिल्या दिवशी दार लोटायच्या आधी मला ते दिसलं. ते टेबलावर टाचा घासत होते. बाहेर आले तेव्हा गालावर जाळीचे चौकोन उमटलेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आधारासाठी, आणि पार्किंगपर्यंत तो काढला नाही.

रस्ते रिकामे होते, पण प्रत्येक मोठ्या चौकात पोलिसांनी लोखंडी कठडे लावले होते. दवाखान्याची फाइल मी पुढं पायाशी ठेवत असे. बहुतेक वेळा फाइल दाखवली की सोडत. पहिल्या आठवड्याच्या शेवटी एका चौकात नवीन शिपाई उभा होता. तरुण, घामाघूम, तोंडावर रुमाल बांधलेला.

"किधर जारे? गाडी पे दो जने नक्को मालूम नै क्या?"

मी काही सांगायच्या आत त्यानं काकांना विचारलं, "तुम बोलो. कायकू निकले?"

काकांनी तोंडावर उपरणं गुंडाळलं होतं. आतून घोगरा, ओला आवाज आला. त्यांचं बोलणं आता तसंच होतं.

"सुबो सुबो पीके निकला क्या?" असं म्हणत शिपायानं त्यांच्या मांडीवर काठी मारली.

काकांनी काठी धरली. आजारी माणूस घाबरून धरतो तशी नाही, हिसकावून घेण्यासाठी धरली आणि दुसरा हात उगारला. आयुष्यभर त्यांच्या हातानं तेच केलं होतं. मग मात्र शिपायानं खरोखर मारायला सुरुवात केली. पाठीवर एक, खांद्यावर एक. काका गाडीवरून घसरले आणि कठड्यावर पडले. पोटरीवर आणखी एक बसली.

हे सांगायला मला आजही जड जातं. पहिली काठी बसली तेव्हाच मी फाइल उचलून ओरडायला हवं होतं. फाइल माझ्या पायाशीच होती. मी ती चौथ्या काठीनंतर उचलली. मधल्या त्या दोन-तीन क्षणांत माझ्या आत काहीतरी गरम, गोड असं पसरलं होतं. बसू दे, असं वाटलं होतं. एकदा याच्याही अंगावर बसू दे.

पडताना उपरणं सुटलं. शिपायाला तो चेहरा दिसला, ती नळी दिसली. त्याची काठी वरच राहिली.

"पैले बोलना था ना, मॅडम," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. त्यानं काकांना उठवायला हात दिला. काकांनी तो झटकला आणि कठड्याला धरून स्वतःच उठले. त्या दिवशीचं रेडिएशन आम्ही चुकवलं नाही. घरी आल्यावर मी त्यांच्या पाठीला मलम लावलं. काठीच्या वळांवर कातडी फुगली होती. ते पालथे पडून राहिले आणि बोट लागलं की त्यांचं अंग थरथरायचं. मी कुणाच्या तरी पाठीवर मलम लावते आहे आणि सकाळी मला बरं वाटलं होतं, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या कशा, ते मला कळत नव्हतं. मलम संपेपर्यंत मी लावत राहिले.

चौथ्या आठवड्यात आमच्या अपार्टमेंटचे लोक बिथरले. शेजारच्या गल्लीत कुणाला तरी करोना झाला होता आणि अख्खी गल्ली पत्रे लावून बंद केली होती. रोज दवाखान्यात जाणारं घर म्हणजे फक्त माझं. कामवाली बंद होतीच, आता दूधवालाही माझ्या मजल्यावर येईना. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, पासष्टीचे, एरवी फार सभ्य गृहस्थ. माझ्या मुलीला त्यांनी लहानपणी तेलुगू बाराखडी शिकवली होती. ते एक दिवस जिन्यात दोन मजले खाली उभे राहून म्हणाले, "मॅडम, इन्कू यहाँ नक्को रखो. सब लोगाँ परेशान हैं."

"कहाँ रखूँ, सर?"

"वो मैं कैसा बोलूँ," ते म्हणाले आणि निघून गेले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी आम्ही दुपारी दवाखान्यातून परतलो, तर फाटकाला साखळी लावलेली. फक्त लहान दार उघडं. आत सेक्रेटरी पाठीवर फवारणीचा पंप बांधून उभे होते. त्यांच्यामागं चौथ्या मजल्यावरचे दोघं आणि वॉचमन.

"स्प्रे करके अंदर लेंगे," ते म्हणाले.

ब्लीचिंगचा वास नाकात जात होता. मी आधी आत शिरले. माझ्या साडीवर, चपलांवर त्यांनी मारलं.  मग मी वळून म्हटलं, "सर, इन के गले की चमडी जली हुई है. करंट से. खुला जखम है. इन पे मत मारो, मैं हाथ जोडती हूँ." आणि खरोखर हात जोडले. हेल्मेट माझ्या कोपराला अडकवलेलं होतं.

रेडिएशननं, इकडं लोक त्याला करंट म्हणतात, काकांची मान तोपर्यंत भाजल्यासारखी झाली होती. कातडी सोलून खालचं लाल मांस उघडं पडलं होतं. त्यावर कापडही सहन होत नसे, म्हणून ते मान उघडी ठेवत. ते वाकून लहान दारातून आत आले आणि सेक्रेटरींनी पंपाची दांडी दाबली. फवारा सरळ मानेवर गेला.

अर्धी जीभ असलेला माणूस कसा ओरडतो ते मी सांगू शकणार नाही. वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. काका खाली पडून मान फरशीवर घासू लागले. आणि सेक्रेटरींना काय झालंय ते कळलं नसावं, किंवा हात थांबवायचं सुचलं नसावं, फवारा चालूच होता.

मी हेल्मेट फिरवलं. एकदा नाही. पहिल्या फटक्यात त्यांचा चष्मा फुटला. दुसरा कपाळावर बसला आणि भुवईवरची कातडी उकलली. तिसऱ्याला ते पंपासकट भिंतीवर गेले. त्यांच्या पांढऱ्या बनियनवर रक्त सांडत होतं. मी आणखी मारणार होते. वॉचमननं मागून माझे दोन्ही दंड धरले, तेव्हा मी त्याला लाथ मारली. माझ्या तोंडून ज्या शिव्या निघत होत्या, त्या मला येतात हे मला माहीत नव्हतं. सेक्रेटरींची बायको वरून रडत होती, "चंपेस्तुंदी, चंपेस्तुंदी." ही मारून टाकेल त्यांना, असं ती म्हणत होती. ती चुकत नव्हती.

नंतर मी नळाखाली काकांची मान धरली. जवळजवळ अर्धा तास पाणी सोडत राहिले. कुणीतरी पोलिसांना बोलावलं. आलेल्या साहेबांनी सेक्रेटरींचं कपाळ पाहिलं, काकांची मान पाहिली, स्वतःच्या कपाळाला हात लावला आणि दोघांच्या सह्या घेऊन समजुतीचा कागद केला.  

वर आलो. मी हात धुतले. नखात रक्त होतं. काकांनी खाटेवरून टाळी वाजवून वही मागितली. त्यांची मान लालभडक झाली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्याचा जो उजवा अर्धा भाग शाबूत होता तो हसत होता. त्यांनी लिहिलं, "शाब्बास. असाच दणका पाहिजे. आमच्या घराण्यात शोभलीस."

मी ते दोनदा वाचलं.  जवळजवळ चार आठवडे मी या माणसाला खाऊ घालत होते, त्यांची घाण काढत होते, आणि त्यांना माझ्यातलं आवडलं ते हे.

"काका," मी म्हटलं, "मावशीला का मारायचात?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता. मी काहीतरी बाळबोध विचारल्यासारखं ते पाहत होते. मग लिहिलं, "त्याशिवाय घर चालत नसतं."

मॉर्फिनची वेळ झाली होती. मी गोळी कुटली, पाण्यात कालवली, सिरिंजमध्ये भरली. आणि सिरिंज हातात धरून त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले. दिली नाही.

पहिल्यांदा त्यांनी हाताचं बोट नाचवलं, लवकर म्हणून. मग खाटेच्या पट्टीवर मूठ आपटली. मी बसून राहिले. मानेवर ब्लीचिंग पडलेलं, जबड्याच्या जागी ती रोजची कळ, आणि आधीच्या गोळीचा असर संपत चाललेला. त्यांचं अंग आक्रसू लागलं. पाय पोटाशी गेले. आधी ते माझ्याकडं पाहत होते, नंतर भिंतीकडं. काही वेळानं त्यांनी मूठ आपटणंही सोडलं. त्यांना कळलं होतं. भिंतीवरचं घड्याळ माझ्यासमोर होतं. पाऊण तास मी तशी बसले. सेक्रेटरींना मारताना मला काही दिसत नव्हतं, काही सुचत नव्हतं. या पाऊण तासात मात्र मला सगळं स्वच्छ दिसत होतं. त्यांच्या कपाळावरचा घामाचा एकेक थेंब दिसत होता.

मग मी उठले आणि औषध दिलं. हळू, दाबाबिबाचा विचार करून. त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली नाही. त्यानंतर कधीच मारली नाही. ते मला घाबरू लागले होते. मी खोलीत शिरले की वही उशीखाली सरकवत.

आणखी दोन आठवडे गेले. रेडिएशन पूर्ण झालं. मुलाला गाडीचा पास मिळाला आणि मे महिन्यातल्या एका सकाळी तो आला, बरोबर मावशी. मी तिला सात-आठ वर्षांनी पाहत होते. लहान झाली होती, म्हणजे अंगानं. तिनं आधी चप्पल बाहेर नीट लावली, हात धुतले, मग खोलीच्या दारात उभी राहून नवऱ्याकडं पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"शिकव मला," ती म्हणाली.

मी सिरिंज कशी भरायची, किती उंच धरायची, नळी आधी पाण्यानं कशी धुवायची ते दाखवलं. तिनं एकदाच पाहिलं आणि पुढची पेज स्वतः दिली. एक थेंब सांडला नाही. मुलगा खाली सामान ठेवायला गेला, तेव्हा स्वयंपाकघरात मी तिला सगळं सांगितलं. चौकातलं, हेल्मेटचं, आणि मग ते दुसरं. ती सिरिंज धूत होती.

"किती वेळ?" तिनं विचारलं.

"पाऊण तास."

"पाऊणच तास," ती म्हणाली. एवढंच. मला दोष दिला की माझं सांत्वन केलं की स्वतःचा काही हिशेब मनात मांडला, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. तिनं सिरिंज फडक्यावर पालथी घातली आणि काकांचे कपडे गोळा करायला आत गेली.

निघताना मुलानं काकांना धरून जिना उतरवला. खाली सेक्रेटरी उभे होते, भुवईवर पांढरी पट्टी, चष्मा नवा. त्यांनी स्वतः फाटकाची साखळी काढली आणि दोन्ही दारं उघडली. काका त्यांच्याकडं न पाहता गाडीत बसले. माझ्याकडंही त्यांनी पाहिलं नाही. सेक्रेटरी आणि मी आजही लिफ्टमध्ये एकमेकांना नमस्कार करतो. त्यांची भुवई मधोमध तुटलेली दिसते. आम्ही पाण्याच्या टँकरबद्दल बोलतो.

काका दिवाळीपर्यंत जगले. मावशीचा फोन आला. "गेले," ती म्हणाली.

"त्रास झाला का?"

"झाला. पण वेळच्या वेळी देत होते मी सगळं. एक दिवस चुकवलं नाही."

मी दिवसांना गेले नाही. रस्ते उघडले होते, गेले असते तर जाता आलं असतं.

पुढच्या वर्षी मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडं येऊन पंधरा दिवस राहिली. आम्ही दोघी दुपारी भाजी निवडत बसायचो. ती पुष्कळ बोलायची, शेतातल्या विहिरीबद्दल, सुनेबद्दल, शेजारणीच्या म्हशीबद्दल. एका दुपारी तिच्या पट्टी बांधलेल्या डोळ्यावर ऊन येत होतं, म्हणून मी उठले आणि तिच्या डोक्यावरून हात नेऊन पडदा ओढायला गेले. तिनं झटकन कोपर वर करून तोंड झाकलं. तोंडातून आवाजसुद्धा काढला नाही. मी हात तसाच हवेत धरून उभी राहिले. थोड्या वेळानं तिनं कोपर खाली घेतलं, मांडीवरच्या मेथीची सांडलेली पानं एकेक करून उचलली आणि म्हशीचं सांगत होती ते पुढं सांगू लागली.